पंधरा टाचण्या

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नाही, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, कारण ते शिंपी. आणि चार घरं सोडून राहणाऱ्या बाईंनी चाळीस वर्षं कॉलेजात भाषा शिकवली, तर त्यांना कुणी प्राध्यापक म्हणत नाही, नुसतं बाई. जगाचा न्याय असा उफराटा. पण त्या दोघांना त्याचं काही वाटत नाही, मग आपण तरी कशाला जीव जाळायचा?

मास्तरांचं दुकान जिन्याखाली आहे. उंच गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा डोकं आपटून घेतं आणि मग नमस्कार करतं. मास्तर बेताच्या उंचीचे, त्यांना काही अडचण नाही. आत एक कापायचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री, आणि भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं. त्यातली काही मापं अशा माणसांची आहेत की जी आता जगात नाहीत, पण मास्तरांचा हात काही ती पुसायला होत नाही. दोन मशिनांपैकी पायाचं आहे ते आईचं. दुकानही मुळात तिचंच. मास्तर बावीस वर्षांचे असताना ती गेली, त्याला चाळीस वर्षं झाली.

आईनं त्यांना सगळं शिकवलं, फक्त एका गोष्टीची बंदी केली. टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत. ती स्वतः जन्मभर तोंडातच धरायची. एकदा कशाला तरी हसली आणि एक टाचणी घशापर्यंत गेली. खोकून बाहेर पडली म्हणून निभावलं. त्या दिवशी तिनं पोराला कानाला खडा लावायला लावला, मनगटाला स्वतःच्या हातानं शिवलेलं पिनकुशन बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पुन्हा तोंडात टाचण्या घेऊन कामाला बसली. आयांचा कारभार असाच असतो. मास्तरांनी मात्र शब्द पाळला. पिनकुशनचं कापड तीनदा बदललं, इलॅस्टिक दहादा, पण मनगटावरून ते उतरलं नाही. त्यांची बायको सांगते की लग्नाच्या फोटोतही ते आहे, बाहीच्या आत, नीट बघितलं तर दिसतं.

आणखी एक गोष्ट आईकडून आली होती, ती म्हणजे एक गाणं. मास्तर काम करताना ते गुणगुणायचे. शब्द तोंडात फार कमी यायचे, नुसती चाल. ते तिला कुठून मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. लहानपणी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, हात चालतात तसं तोंड चालतं, त्यात काय विचारायचं. देवाधर्माचं ती फारसं बोलायची नाही, त्यामुळे कुण्या जुन्या संताचं असेल, कुणाकडून तरी तिनं उचललं असेल, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली होती.

तर त्या दिवशी बाई दुकानात आल्या त्या गोल टेबलाचं कापड घेऊन. त्यांच्या अभ्यासाच्या टेबलावर घालायचं होतं, काठ दुमडून शिवून हवा होता. मास्तर कापडाचं माप घेत होते आणि गुणगुणत होते. बाई ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, शब्द काय आहेत याचे? मास्तरांना लाजल्यासारखं झालं. बासष्टाव्या वर्षी परक्या बाईसमोर गाणं म्हणायचं म्हणजे काय? पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. काम करणारी माणसं काम करताना जी गाणी म्हणतात त्यांचं पुस्तक त्या करत होत्या. धोब्याची, सुताराची, मुलं जोजवणाऱ्यांची गाणी गोळा झाली होती, शिंप्याचं एकही नव्हतं. शेवटी मास्तरांनी मान खाली घालून म्हटलं, आणि बाईंनी पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं:

दारी आला कोणी / हाक ना ओळख
घरात काळोख / उजळला

त्याला नाही छाया / त्याला ना आकार
त्याला नाही दार / तरी आत

सुईच्या नेढ्यात / दाटले आकाश
किती सावकाश / ओढू दोरा

सरली शिलाई / तोडला रे धागा
दिली तूच जागा / मायबाप

नेढं म्हणजे सुईचं भोक, हे बाईंना मास्तरांनीच सांगितलं. कॉलेजात चाळीस वर्षं शिकवून एक शब्द जिन्याखाली मिळाला म्हणून बाई इतक्या खूश झाल्या की कापड तिथेच ठेवून पाकीट तेवढं घेऊन गेल्या.

आठवड्याभरानं त्यांनी मास्तरांना घरी चहाला बोलावलं. टेबल उघडंच होतं, त्यावर पुस्तकांचे ढीग. मास्तर खुर्चीच्या टोकावर बसले. आणि बाईंनी त्या गाण्याचे टाके एकेक करून असे उसवून दाखवले की मास्तर चहा प्यायचे विसरले.

आधी माप. सहा अक्षरं, सहा, सहा, आणि मग चार. चौथा तुकडा आखूड. का आखूड? कारण तिथे श्वास बसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं, चौथा तसाच मोकळा सोडलेला. मास्तर म्हणाले, म्हणजे मार्जिन सोडतात तसं. बाई म्हणाल्या, अगदी तसं. मग दुसरं कडवं: तीन वेळा नकार. छाया नाही, आकार नाही, दार नाही. ऐकणाऱ्याच्या हातातून एकेक काढून घेतात आणि तो रिकामा झाला की म्हणतात, तरी आत. तिसऱ्यात आकाश आणि सावकाश, सगळे लांब ताणलेले आ. म्हणायला घाई करून बघा, जमत नाही. गाणंच तुमचा हात धरून तुम्हाला हळू चालवतं.

"आणि आता खरी गंमत," बाई म्हणाल्या. "पहिलं कडवं म्हणा, आणि बोट ओठांवर ठेवा."

मास्तरांनी बोट ठेवून म्हटलं. काही कळलं नाही. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हा ध्यानात आलं की ओठ ओठाला टेकतच नाहीत. प नाही, फ नाही, ब, भ, म, एकही नाही. दुसऱ्या कडव्यात नाही, तिसऱ्यात नाही. आख्ख्या गाण्यात एक व सापडला, सावकाशमधला, पण तिथे ओठ दाताला टेकतो, ओठाला नाही. मराठीत म शिवाय चार वाक्यं बोलून बघा, जीभ रडकुंडीला येते. आणि इथे चौऱ्याऐंशी अक्षरं ओठ न मिटता! जुने पंडित मुद्दाम असे श्लोक रचायचे, बुद्धीची कसरत म्हणून. पण इथे त्याला अर्थ आहे, बाई सांगत होत्या. दोन ओठ एकमेकांसाठी आसुसलेत आणि भेटत नाहीत. ज्याला शोधायचं तो आत आहे, पण गाठ पडत नाही. सगळा विरह कवीनं तोंडात मांडून ठेवलाय.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षं जे गाणं तोंडात घोळवलं, त्याचं हे कधी ध्यानात येऊ नये? जन्मभर राहत आलेल्या घराला अजून एक खोली आहे असं कुणी दार उघडून दाखवावं तसं त्यांना झालं. बाईंचे पाय धरावेत असं वाटलं, पण बाईंना ते चाललं नसतं.

मग बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. मास्तरांना गिऱ्हाइकांचा अनुभव दांडगा. माणूस चष्मा पुसायला लागला की पुढे वाईट बातमी असते.

"शेवटची ओळ," बाई म्हणाल्या. "मायबाप. चार अक्षरांत तीन वेळा ओठ मिटतात. चौऱ्याऐंशी अक्षरं ज्यानं जपली तो शेवटच्या चारांत असा ढिसाळपणा करेल? मला नाही वाटत. मूळची ओळ हरवली असावी आणि मागून कुणीतरी ती जागा भरली असावी. आणि मायबाप हा शब्दही असा घासून गुळगुळीत झालेला, कुणालाही सुचेल. मास्तर, मी तिथे टिंबं देणार आहे. आठ दिवसांत पानं छापखान्यात जातील."

मास्तर हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? एवढी शिकलेली बाई, आपल्या आईच्या गाण्यासाठी इतके कष्ट घेतलेली. पण घरी येताना वाटभर मायबाप, मायबाप पुटपुटत आले. कारण आईचं त्यांच्याकडे उरलेलं काय, तर एक मशीन आणि हे गाणं, आणि गाण्यातली तीच ओळ त्यांच्या जवळची. तिच्याच आवाजात ती कानात होती. बाकीचं गाणं आई जरा दबलेल्या, घट्ट आवाजात म्हणायची, आणि मायबाप म्हणताना आवाज मोकळा व्हायचा. आता त्याच ओळीवर कात्री.

आणि त्याहून वाईट एक शंका रात्रंदिवस कुरतडायला लागली. मागून कुणीतरी भरली असावी. ते कुणीतरी म्हणजे आपणच नाही ना? नऊ वर्षांचे असताना त्यांनी ते गाणं वहीत उतरवलं होतं, ती वही कधीच गेली. शेवटची ओळ विसरलो असू आणि पोरवयात काहीतरी ठोकून दिलं असेल, मग तेच डोक्यात बसलं असेल, आणि आवाजाची आठवणही आपणच शिवून तयार केली असेल, तर? तर आईच्या तोंडी आपण चार अक्षरं घातली आणि तिची खरी चार घालवली. मास्तर प्रामाणिक माणूस. दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना सांगून आले, की मी शपथेवर सांगू शकत नाही, माझाच घोळ असेल. बाई म्हणाल्या, तुम्ही हे सांगायला आलात हेच पुष्कळ आहे. मास्तरांना त्याचा काडीचा आधार वाटला नाही.

बायकोनं दोन दिवस हे तोंड पाडून बसणं चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तिचा बांध फुटला.

"अहो, तुम्हाला चार अक्षरं सुचली असती, तर दुकानाच्या पाटीवर नुसतं 'शिलाई' लिहिलं असतंत का?"

मास्तरांना हसू आलं. पण शंका जागची हलली नाही.

सहाव्या दिवशी वाचनालयाचे पडदे बसवायचे होते. उंचावरच्या खिडक्या, आणि खालचा काठ जागेवर टाचूनच ठरवावा लागतो, म्हणून मास्तर शिडीवर आणि बायको शिडी धरून खाली. एका हातात पडद्याचं वजन, दुसऱ्या हातानं टाचणी काढायची तर पिनकुशनचं इलॅस्टिक अकराव्यांदा तुटलं आणि ते जाऊन पडलं थेट कपाटामागे. मास्तरांनी तोंडातल्या तोंडात आईची क्षमा मागितली आणि बायकोकडून डबीतल्या मूठभर टाचण्या घेऊन दातांत धरल्या. डोकी आत, टोकं बाहेर, ओठ जरासे उघडे, आई धरायची तशा.

खालून बायकोनं विचारलं, शिडी पक्की आहे ना? ते म्हणायला गेले पक्की, आणि प म्हणायला ओठ मिटले तशी एक टाचणी कचकन खालच्या ओठात घुसली. डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, काय झालं? ते म्हणायला गेले, काही नाही, बरंय, आणि ब ला दुसरी घुसली. मग शहाण्या माणसासारखे गप्प बसले आणि कामाला लागले. आणि काम सुरू झालं की तोंड आपलं नेहमीच्या वाटेनं चालतं. दारी आला कोणी, हाक ना ओळख. एक टाचणी पडद्यात गेली. घरात काळोख, उजळला. दुसरी. तिसरी.

टोचलं नाही.

मास्तरांचा हात पडद्यावर थांबला. त्यांनी पुन्हा म्हटलं, मुद्दाम, एकेक शब्द. त्याला नाही छाया. त्याला ना आकार. टाचण्या दातांत होत्या तशा राहिल्या, एकही हलली नाही. तिसरं कडवं म्हटलं. किती सावकाश, ओढू दोरा. जीभ आत फिरत होती, दात आपल्या जागी, आणि ओठ उघडे. शिडीवर उभ्या त्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईचं तोंड दिसलं. घट्ट दातांत चकाकणाऱ्या टाचण्यांची रांग आणि तिच्यामागून येणारा तो दबका आवाज. तोंडात टाचण्या असल्यामुळे रडायचीही सोय नव्हती. बायको खालून विचारत राहिली की आता काय झालं, आणि त्यांना उत्तर देता येत नव्हतं.

उतरल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, मग जा की बाईंकडे, पडदे कुठे पळून जात नाहीत. मास्तर दुकानात शिरले, बाईंचं ते गोल कापड उचललं, टाचण्यांची डबी घेतली आणि निघाले.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी तेच म्हटलं जे चांगल्या शिक्षकानं म्हणायला हवं. स्पष्टीकरण सुंदर आहे म्हणून ते खरं ठरत नाही. टाचण्यांमुळे ओठ मिटत नाहीत हे पटलं. पण मग शेवटच्या ओळीला टाचण्या कुठे गेल्या? उलट यानं माझीच शंका पक्की होते, टाचण्या तोंडात असताना तुमची आई मायबाप म्हणूच शकली नसती.

टाचण्या संपत असतील, असं मास्तर म्हणाले खरे, पण दर वेळी नेमक्या तिथेच कशा संपतील, हे त्यांनाही सांगता येईना. मग त्यांना अक्का आठवली. मोठी बहीण, सत्तरीची, दुसऱ्या गावी लेकाकडे राहते, कानानं जरा मंद आणि बोलायला फटकळ. आईच्या हाताखाली तीच असायची, टाचण्या तीच द्यायची. मास्तर स्वतःच तिला फोनवर विचारू शकले असते. पण त्यांच्या मनात आलं की आपण विचारलं तर आपल्या आवाजावरून तिला कळेल आपल्याला काय ऐकायचंय, आणि माया म्हणून ती तेच सांगेल. म्हणून त्यांनी नंबर लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला.

"तुम्ही विचारा. मी खोलीबाहेर थांबतो. ती काय म्हणेल ते म्हणेल."

बाईंनी त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही. फोनचा आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. आपण कोण ते सांगितलं, शिवणकामाबद्दल माहिती गोळा करतेय म्हणाल्या, ते खोटंही नव्हतं. गाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. आधी दोन-चार इकडचे तिकडचे प्रश्न केले, दुकानात उजेड किती असायचा, मशीन कुणी घेतलं. अक्कानं मशिनाबद्दल भलतंच लांबण लावलं. मास्तर उभ्या उभ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होते. मग बाईंनी विचारलं, गोल घेराचा काठ टाचताना तुमची आई टाचण्या किती घ्यायची?

"पंधरा," अक्का लगेच म्हणाली. "मीच मोजून द्यायचे ना. घेराचे खडूनं सोळा भाग करायची. पहिली टाचणी आधी हातानं लावून ठेवायची, मग पंधरा तोंडात. सोळाव्या खुणेला पोचेपर्यंत तोंड रिकामं, आणि तिथून पुढे पहिलीच टाचणी."

बाईंनी विचारलं, सोळा दिल्या तर?

"एकदा दिल्या होत्या मस्करीत. केवढी चिडली. म्हणाली, गाणं संपायला आलं तरी तोंडात टाचणी उरली, आता मायबाप कशानं म्हणू?" अक्का जरा थांबली. "ते गाणं तुम्हाला माहीत नसेल. आमच्या आईचं होतं. आमचा धाकटा म्हणतो अजून, पण त्याला नीट येत नाही."

बाईंनी फोन ठेवला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा त्यांचा पडला होता. आपण आईच्या तोंडी काही घातलं नाही. तिचंच होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग बाईंनी टेबलावरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवायला सुरुवात केली. मास्तरही धावले. टेबल मोकळं झालं, त्यावर ते गोल कापड पसरलं. मास्तरांनी खडूनं काठाचे सोळा भाग केले. पहिली टाचणी हातानं लावली. पंधरा मोजून दातांत धरल्या. आणि टेबलाभोवती फिरत, काठ दुमडत, म्हणायला लागले. एका तुकड्याला एक टाचणी. तीन लांब तुकडे, तीन टाचण्या, मग चौथा आखूड, चौथी टाचणी, आणि एक पाऊल सरकून पुढचा पाव घेर समोर घ्यायचा. आखूड तुकड्यातला श्वास कशासाठी होता हे बाईंना आता दिसलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

दिली तूच जागा. पंधरावी टाचणी काठात गेली. मास्तर एक पाऊल पुढे सरकले, आणि समोर पहिली टाचणी होती, जिथून निघाले होते तिथली. तोंडात काही नव्हतं. टोचायला काही उरलं नव्हतं.

"मायबाप," ते म्हणाले, आणि ओठ ओठांना टेकले.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, मी ओठ मोजले, मास्तर, पण तोंड कुणाचं आहे ते विचारलंच नाही. जो शब्द मला घासलेला वाटला, त्याच्यासाठी ती बाई पंधरा तुकडे वाट बघायची. दिवसातून किती घेर शिवत असेल, तितक्यांदा.

मास्तरांना बाईंनी स्वतःला दोष दिलेला सहन झाला नाही. आणि त्यांच्या मनात तर वेगळंच दाटलं होतं.

"बाई, तुम्ही ती ओळ खोडायला निघालात म्हणून मला आई भेटली," ते म्हणाले. "नाहीतर मी असाच गुणगुणत मेलो असतो. तुमचे उपकार मी कुठल्या मापानं मोजू?"

बाई म्हणाल्या, उपकाराचं नंतर बघू, आधी काम. त्यांनी छापखान्यात जायची पानं काढली. टिंबं खोडली आणि तिथे मायबाप लिहिलं. गाण्याखाली कवी अज्ञात असं होतं. त्यावर पेन धरून त्या थांबल्या. म्हणाल्या, हे तुमच्या आईनंच रचलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ज्यानं रचलं त्याच्या तोंडात पंधरा टाचण्या होत्या, एवढं मी कुठल्याही सभेत उभी राहून सांगेन. आणि तसं तोंड मला एकच माहीत आहे. मग त्यांनी कवी अज्ञात आडवं छाटलं आणि विचारलं, "आईचं नाव काय?"

मास्तर गोंधळले. जन्मभर कुणी विचारलं नव्हतं. फॉर्मवर बापाचं नाव लागायचं, दुकानावर कुणाचंच नव्हतं, घरात ती आई आणि गिऱ्हाइकांची शिवणवाली. ते नाव मोठ्यानं उच्चारून किती वर्षं झाली असतील ते त्यांना आठवेना. त्यांनी घसा खाकरला आणि सांगितलं. बाईंनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, शुद्ध आहे ना म्हणून त्यांच्यासमोर धरलं. मास्तरांनी दोनदा वाचलं आणि मान हलवली.

निघताना बाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं. कापड शिवायला न्यायचं का? मास्तरांनी सोळा टाचण्यांच्या त्या घेराकडे एकदा पाहिलं.

"आजचा दिवस राहू द्या," ते म्हणाले. "उद्या सकाळी येऊन नेतो. तुम्ही फक्त हात जपा."